एक्केचाळीस दस्त्या आणि सातची गाडी

नियोजन कसं करावं हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं सरळ माझ्याकडे यावं! तालुक्याच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर मी चौतीस वर्षं काढली. चौतीस वर्षांत माझ्या टेबलावरून एक कागद हरवला नाही. एक हरवला होता, पण तो साहेबांच्या टेबलावरून हरवला, आणि तिथं तो मीच नेऊन ठेवला होता हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. असो. सांगायचा मुद्दा हा, की आमच्या सोनबर्डीची एसटी वाचवायची वेळ आली तेव्हा सारं गाव माझ्या तोंडाकडे पाहायला लागलं, ते काही उगीच नाही!

"उगीचच," असं आमच्या सुहासिनीबाईंचं मत आहे. बायकोच्या मताकडे तुम्ही लक्ष देऊ नका. मीही देत नाही, म्हणजे तसं सांगत असतो.

सोनबर्डी म्हणजे धामणगाव बढेपासून आत नऊ किलोमीटर. डोंगर सुरू होतो आणि रस्ता संपतो, तिथं आमचं गाव. गाडी आली म्हणजे ती आमच्याकडेच आली, कारण पुढं जायला रस्ताच नाही! आणि एके काळी काय थाट होता त्या गाडीचा! मुक्कामी गाडी होती. दिवेलागणीला यायची, पारापाशी थांबायची आणि सकाळी सातला निघायची. ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण गावात पाळीनं असायचं. आमच्या घरी पाळी आली की आई दुपारपासून वांगी भाजायला बसायची, आणि वडील, जे आम्हाला जेवताना बोलू देत नसत, ते स्वतः कंडक्टरला मलकापूरच्या बातम्या विचारत बसायचे. गाडीतून पेपर यायचा, औषधं यायची, लग्नाच्या पत्रिका यायच्या. गावात घड्याळं चार होती आणि चारही गाडीच्या हॉर्नवर लावली जायची. कंडक्टरच्या त्या पत्र्याच्या पेटीचा आणि तिकीट पंच करायच्या चिमट्याचा 'टिकटिक' आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. (सुहासिनीच्या मते ते माझे दात वाजतात.)

आणि जागा धरायची आमची पद्धत! हातरुमालाला आमच्याकडे दस्ती म्हणतात. गाडी थांबायच्या आत खिडकीतून सीटवर दस्ती टाकायची. दस्ती पडली की जागा तुमची! मग तुम्ही घरी जा, गाईची धार काढा, चहा प्या, पोराला दोन रट्टे द्या आणि सावकाश या. तुमच्या दस्तीला हात लावायची कुणाची छाती नाही. दस्ती पडणं म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढणं. दस्ती नसेल तर टोपी टाका, पिशवी टाका, पायातली एक चप्पल टाका. नियम तोच.

हा नियम आयुष्यात एकदाच मोडला गेला. अडतीस वर्षांपूर्वी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर मी दस्ती टाकून खाली चहा पीत होतो. वर चढून पाहतो तर रोहिणखेडची एक मुलगी, मावशीकडे आलेली, खुशाल माझ्या दस्तीवर बसलेली! मी मोताळ्यापर्यंत उभा राहिलो. एक शब्द बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तिनं दस्ती धुवून, इस्त्री करून आणून दिली. पुढच्या वैशाखात आमचं लग्न झालं. ती दस्ती अजून माझ्याकडे आहे. कोपऱ्यावर आईनं विणलेला 'अ' आहे, आता त्याचा अर्धाच उरलाय.

तर असं ते गाव आणि अशी ती गाडी. मग एकेक गोष्ट हलत गेली. आधी कापूस खरेदी केंद्र गेलं. त्याच्यामागं बँकेची शाखा धामणगावाला गेली. दवाखान्याची इमारत आहे, पण किल्ली नर्सबाईकडे आणि नर्सबाईकडे आणखी चार गावं. सोयाबीनला भाव नाही म्हणून गावात पैसा नाही, पैसा नाही म्हणून कुणी कुठं जात नाही, कुणी जात नाही म्हणून गाडी रिकामी. पोरं पुण्याला गेली; आमचा मुलगा आल्हादसुद्धा तिथंच. मुक्काम बंद होऊन गाडी नुसती सकाळी येऊन जायला लागली, संध्याकाळी परतीची एक फेरी. आणि उरलेसुरले प्रवासी शालिग्रामच्या ऑटोनं पळवले. त्याचा ऑटो दारात थांबतो, हाक मारली की येतो, आणि जागा नसली तर कुणाच्या तरी मांडीवर बसवतो.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी आमच्या गाडीच्या कंडक्टर छायाताई पारापाशी उतरल्या त्या तोंड पाडूनच.

"अनंतभाऊ, येत्या मंगळवारी साहेब येऊन राह्यले. गाडीत किती मानसं बसते थे सोता पाहनार हायेत. अशीच रिकामी दिसली त एक तारखेपासून फेरी बंद."

पारावर मोतीराम बसला होता. त्याची चार एकर कोरडवाहू, आणि एकुलती एक पोरगी अर्पिता. मोताळ्याला बारावी सायन्सला आहे, रोज याच गाडीनं जाते. पोरगी इतकी हुशार, की माझ्या आवक-जावकच्या गोष्टी ऐकताना बरोबर योग्य ठिकाणी हसते.

मोतीराम म्हणाला, "गाडी बंद त कॉलेज बंद, अनंतभाऊ. आटोच्या मांगं लटकून नाई धाडनार मी पोरीले. मांगच्या साली त्या वळनावर आटो कसा पलटला थे आपन पाह्यलं."

आम्ही पाहिलं होतं. अर्पिता पुस्तकात पाहत होती, पण पान काही उलटत नव्हती.

"काही काळजी करू नका!" मी उठून म्हणालो. "मंगळवारी गाडी भरते की नाही पाहा! हे माझ्यावर सोडा!"

पाहा, इथंच मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट झाली नसती.

संध्याकाळी सभा घेतली. सारं गाव जमलं, शालिग्रामसुद्धा! तो म्हणाला, "मी बी बसतो गाडीत. आटो काय, रोजचाच हाय." डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. मंगळवारी कुणाला बाहेरगावी काम नव्हतं, म्हणून मी कामं वाटून दिली. दोघांना बँकेत पाठवलं, तिघांना पाहुण्यांकडे. भजनी मंडळाला मोताळ्याला कुठं तरी भजन आहे असं ठरवलं. ब्याऐंशी वर्षांच्या गोजरबाईंना डोळे तपासायला.

"माह्ये डोये चांगले हायेत," गोजरबाई म्हणाल्या.

"मग ते चांगले आहेत एवढं तपासून या!"

आता खरी अडचण ही, की चाळीस माणसं एकदम गाडीत चढायला लागली तर काय होतं ते मला माहीत आहे. ढकलाढकली, शिव्या, कुणाचं धोतर कुणाच्या पायाखाली. साहेबांसमोर हे शोभतं का? म्हणून मी नियोजन केलं. गाडी आली की प्रत्येकानं शिस्तीत दस्ती टाकून जागा धरायची. मग सर्वांनी वेशीवर यायचं. तिथं साहेबांची जीप येईल, हार घालू, नारळ देऊ, शाळेच्या ओट्यावर पोहे खायला घालू. आणि मग साहेबांच्या मागोमाग वाजतगाजत गाडीकडे यायचं आणि आपापल्या जागेवर बसायचं. साहेब थक्क!

"साहेब जीपनंच येणार कशावरून?" सुहासिनीनं विचारलं.

"चौतीस वर्षं साहेब पाहिलेत मी! साहेब म्हणजे जीप!"

मंगळवार उजाडला. कपाशी वेचायची सोडून माणसं आली होती, हे लक्षात घ्या! मोतीरामनं लग्नातला सदरा घातला होता. सातला गाडी वेशीतून आत शिरली, आणि पुढच्या दोन मिनिटांत खिडक्यांमधून जे काही आत पडलं ते पाहून माझा ऊर भरून आला. दस्त्या, टॉवेल, सरपंचाची टोपी, भजनी मंडळाचे टाळ, एकेक चप्पल! कितीतरी वर्षांनी त्या गाडीत असं काही पडत होतं. मला एकदम आईच्या वांग्यांचा वास आल्यासारखं झालं. मी स्वतः आत चढलो. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर कुणाची तरी कापडी पिशवी होती. तेवढ्यासाठी मी थांबणार का? पिशवी उचलून वरच्या फळीवर ठेवली आणि तिच्या जागी माझी 'अ'ची दस्ती अंथरली. शुभशकुन म्हणून.

खाली उतरलो तर एक साधासा माणूस, चौकड्याचा शर्ट, पायात सँडल, मला विचारतो, "काका, इथं लघवीची सोय कुठं आहे?"

"अहो, आज गावात साहेब येणार आहेत आणि तुम्हाला ते सुचतंय! शाळेमागं जा!" मी म्हणालो आणि धावत वेशीवर गेलो.

आता गाडीत काय झालं ते मला नंतर गोजरबाईंनी आणि अर्पितानं सांगितलं. तेव्हा पोरगी हसत होती की रडत होती ते मला नीट कळलं नाही.

गाडीत माणूस म्हणून एकट्या गोजरबाई होत्या. "माह्ये टोंगये दोनदा चढाचे नाईत," म्हणून त्या गुडघे चोळत, वेशीवर न येता आधीच बसून राहिल्या होत्या, आणि साऱ्या दस्त्यांची राखण आपल्याकडेच आहे असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. तो चौकड्याच्या शर्टवाला परत आला, आपली जागा शोधायला लागला.

"आजी, ही टोपी जरा बाजूला करतो. बसतो."

"हात नको लावू! सरपंचाची हाय थे!"

"बरं, मग ही चप्पल? एकच तर आहे."

"एकच हाय म्हून फेकशीन का? दुसरी मालकाच्या पायात हाय!"

"आणि मालक कुठं आहे?"

"साहेबाले घ्याले गेले सारे."

"कोणत्या साहेबाला?"

"येऊन राह्यला एक, आमची गाडी बंद कराले. त्याले दाखवाले आज सारं गाव गाडीत बसून राह्यलं."

त्या माणसानं पुढून मागंपर्यंत गाडी पाहिली. "बसलंय? मला तर कुणी दिसत नाही."

"आता नाई बसले. तो आल्यावर बसतीन!"

"आणि रोज किती जण बसतात?"

"रोज काऊन बसतीन बाप्पा? शालिग्रामचा आटो हाय ना!"

तेवढ्यात अर्पिता चढली. ती रोजच्यासारखी ऐन वेळेवर आली होती. सगळ्या सीटवर काही ना काही! तिनं वडिलांची दस्ती ओळखली आणि ती उचलायला गेली, तर गोजरबाई कडाडल्या, "थे तुह्या बापाची हाय, तुही नाई! बाप येऊ दे!" पोरगी बिचारी दांडीला धरून उभी राहिली.

मग छायाताई चढल्या. त्यांनी त्या माणसाला पाहिलं आणि त्या खडूसारख्या पांढऱ्या पडल्या. येताना अंधारात, मफलरीत गुंडाळलेल्या त्या माणसाला तिकीट देताना त्यांनी चेहरा पाहिला नव्हता, आता ओळखला. वाहतूक निरीक्षक प्रसेनजित साहेब! जीप नाही, शिपाई नाही, आमच्याच गाडीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून, तिकीट खिशात खोचून आलेले!

"गाडीची वेळ काय?" साहेबांनी विचारलं.

"सव्वासात, साहेब."

"किती वाजले?"

"सव्वासात, साहेब. पन मानसं..."

"वेळेवर सोडा."

छायाताईंनी घंटी वाजवली. दुसरं करणार काय?

आणि इकडे वेशीवर मी! हातात हार, शेजारी सरपंच बोडक्या डोक्यानं नारळ घेऊन, मागं चाळीस माणसं, त्यांतली निम्मी एका पायानं अनवाणी. सगळ्यांचे डोळे धामणगावच्या रस्त्यावर. जीप काही दिसेना. तेवढ्यात मागून हॉर्न!

"सरका! सरका!" मी दोन्ही हात वर करून ओरडलो. "गाडीला वाट द्या! साहेबांची जीप अडकेल!"

आम्ही सगळे शिस्तीत बाजूला झालो. गाडी आमच्या मधून गेली. खिडकीतून गोजरबाईंनी आम्हाला हात केला. मीही केला. धुरळा खाली बसला. मग मोतीराम हळूच म्हणाला, "अनंतभाऊ, थे गाडी आपलीच व्हती ना?"

काय सांगू तुम्हाला! आधी सगळे माझ्याकडे पाहत राहिले, मग रस्त्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मग एकदम "माही टोपी!" "माही चप्पल!" "टाळ गेले बे!" असा गलका झाला. लंगडत लंगडत अर्धं गाव गाडीमागं पळत सुटलं. शाळेच्या ओट्यावर पोह्यांपाशी एकट्या सुहासिनीबाई उभ्या होत्या. त्यांनी नुसतं पोह्यांवर झाकण ठेवलं. काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं!

"चला बसा!" शालिग्रामनं ऑटोला किक मारली. "धामनगावात गाडी धा मिनटं थांबते. गाठून देतो!"

आम्ही बसलो. आत अकरा, मागं चार, टपावर दोन, आणि मी हार सांभाळत शालिग्रामच्या डाव्या मांडीवर. वळणापाशी मोतीराम डोळे मिटून बसला होता. आणि ऑटो सुरू व्हायच्या आधी शालिग्रामनं काय केलं असेल? प्रत्येकाकडून वीस-वीस रुपये घेतले!

"अरे, आज तरी!"

"अनंतभाऊ, डिझेल काय सभेत भेटते?"

धामणगावाला पोचलो तेव्हा गाडी स्टँडवर उभी होती आणि दारात तो चौकड्याचा शर्ट. हातात वही. ऑटोतून एकामागून एक सोनबर्डी उतरत होती आणि तो शांतपणे पाहत होता. कचेरीत असताना मी अशा नजरेचे साहेब दुरून ओळखायचो. या वेळी ओळखले नाहीत, कारण जीप नव्हती!

"साहेब कुठं आहेत?" मी छायाताईंना विचारलं. त्यांनी पेन्सिलीनं दाखवलं.

"शाळेमागं सोय नाही बरं का, काका," साहेब म्हणाले. "तिला कुलूप आहे."

माझ्या हातात हार तसाच. मी तो पुढं केला. साहेबांनी घेतला आणि गोजरबाईंच्या गळ्यात घातला. मग वही वाचली. "सोनबर्डी. बसलेले प्रवासी एक, वय ब्याऐंशी, शून्याचं तिकीट. उभे प्रवासी एक, मोफत पास. मी धरून दोन उभे. दस्त्या, टोप्या, चपला, टाळ मिळून एक्केचाळीस. त्या बसलेल्या." त्यांनी वही मिटली. "आणि गावातले बाकीचे प्रवासी ऑटोनं आले. ते मी पाहिलंच आहे."

मी आयुष्यभर टिपणं लिहिली, पण या टिपणावर काय शेरा मारावा ते मला सुचेना. मग मोतीराम पुढं झाला. लग्नातल्या सदऱ्याचं एक बटण वाटेत तुटलं होतं.

"साहेब, नाटक केलं आम्ही, थे खरं हाय. पन पोरगी खरी हाय. रोज याच गाडीनं जाते. पाऊस असो काई असो. गाडी बंद झाली त तिचं शिकनं बंद, आता बारावीत. आमची काय, आमची गेली जिंदगी. तिच्यासाठी मांगून राह्यलो."

"तू रोज उभीच जातेस का गं?" साहेबांनी अर्पिताला विचारलं.

"नाही सर," ती म्हणाली. "रोज सगळी गाडी रिकामी असते. आजच उभी राहिले."

मला तेव्हा फार लाज वाटली. एवढं मोठं नियोजन, सगळ्या गावाला जागा, आणि जिच्यासाठी केलं तिलाच बसायला जागा नाही! ही चूक कागदावर झाली असती तर मी दुरुस्त केली असती. ती पोरगी धामणगावापर्यंत नऊ किलोमीटर उभी आली होती.

साहेब गाडीत चढले आणि ड्रायव्हरमागच्या सीटवरची माझी दस्ती उचलून खाली आले. "हा अर्धा 'अ' कुणाचा?"

"माझा."

"माझी पिशवी तुम्हीच वर ठेवली का?"

"हो," मी म्हणालो. खोटं बोलायला जागा नव्हती.

त्यांनी दस्तीची नीट घडी घातली. "आमचं गाव लोणारकडं. आमच्याकडं टॉवेल टाकायचे. गेल्या वर्षी त्या फेरीवर मीच अहवाल लिहिला, फेरी बंद करावी म्हणून. आकडे तेच सांगत होते. आई अजून माझ्याशी बोलत नाही." मग एकदम त्यांचा आवाज साहेबाचा झाला. "छायाबाई! गाडीत सापडलेल्या बेवारस वस्तूंचं काय करायचं असतं?"

"मलकापूरच्या आगारात जमा, साहेब."

"मग करा जमा. सगळ्या."

"ओ साहेब!" एकच ओरडा झाला. "बेवारस कशा? आम्ही हाओत ना!"

"तुमच्याकडे या गाडीचं तिकीट आहे?" कुणाकडेच नव्हतं. "मग तुम्ही प्रवासी नाही. प्रवासी नाही तर वस्तू तुमच्या कशा? ज्याची वस्तू असेल त्यानं स्वतः आगारात यायचं. याच सातच्या गाडीचं तिकीट दाखवायचं. आणि मला वेळ नसतो, रोज फक्त पाच जण!"

माझ्यातला क्लार्क जागा झाला. "हा नियम कोणत्या परिपत्रकात आहे, साहेब?"

"आवकला असेल," साहेब म्हणाले. "शोधा."

घंटी वाजली, गाडी मोताळ्याकडे निघून गेली. या वेळी अर्पिता बसली होती. कुणाच्या तरी टोपीवर!

आता तुम्ही म्हणाल, दस्तीसाठी कोण जातं एवढं लांब? तुम्ही आमचा जिल्हा पाहिला नाही! एकेका चपलेवर काय चालणार? टाळांशिवाय गुरुवारचं भजन कसं व्हायचं? आणि दस्ती परत न आणणं म्हणजे जागा सोडणं, आणि सोनबर्डीत जागा कुणी सोडत नाही! दुसऱ्या दिवसापासून पाच-पाच जण सातच्या गाडीनं निघाले. गोजरबाई मात्र रोज! "वळख पटवाले मी लागते," म्हणायच्या. त्यांचं तिकीट शून्याचंच, त्यामुळं कुणी हरकतही घेईना. गेलेली माणसं आगारातून बाजार करून यायला लागली, कुणी बँकेत डोकावलं, कुणी पाच वर्षं दुखणारी दाढ काढून आलं. गाडीत पुन्हा गप्पा सुरू झाल्या. सरपंच टोपी घेऊन आले तेव्हा म्हणाले, "गाडीतून वावरं दिसते राजेहो! आटोत समोरच्याचं ढुंगनच दिसत व्हतं." शालिग्राम सहाव्या दिवशी टॉवेल आणायला गेला, खिडकीपाशी बसला आणि मोताळ्यापर्यंत घोरला.

पाहता पाहता यादी संपत आली. नियोजन करणारा शेवटी, म्हणून माझा नंबर एक्केचाळिसावा. सुहासिनीही आली. गाडीत शिरताच ती काही न बोलता ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. मी शेजारी उभा राहिलो.

"बसा की. दस्ती नाहीये आज."

"सवय आहे," मी म्हणालो. ती हसली. अडतीस वर्षांपूर्वी हसली होती तशीच, दोन दात कमी.

आगारात प्रसेनजित साहेबांनी दस्ती दिली. अर्धा 'अ' शाबूत होता. सोबत एक कागदही दिला. बारावीची परीक्षा होईपर्यंत सोनबर्डीची फेरी चालू. पुढचा निर्णय प्रवासी पाहून.

"एक्केचाळीस संपले," साहेब म्हणाले. "आता?"

"आता काय," मी म्हणालो. मागचं कपाट उघडं होतं, आत आमच्या गावाच्या वस्तूंची जागा रिकामी झाली होती. मला ती रिकामी जागा बघवेना.

संध्याकाळच्या परतीच्या गाडीनं आम्ही निघालो. मोताळ्याला अर्पिता चढली. आम्ही तिघंच. ती पूर्ण वाट पुस्तक वाचत होती आणि या वेळी पानं उलटत होती. सोनबर्डीला उतरलो, गाडी आगाराकडे परत गेली, घरी येऊन मी खिशात हात घातला. दस्ती नाही!

"अहो, गाडीत जागा धरलीत तुम्ही? आपण तिघंच असताना?" सुहासिनीनं विचारलं.

"सवय!"

"आणि उचलायची विसरलात."

"विसरलो."

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "त्या वेळी धुवून, इस्त्री करून आणून दिली होती. आता माझ्याच्यानं होणार नाही. उद्या सातच्या गाडीनं स्वतः जा." आणि आत जाता जाता म्हणाली, "आणि येताना माझी पिशवी विसरून या."

परवा मोतीराम टॉवेल विसरला. काल सरपंच टोपी विसरले. छायाताई म्हणतात, आगारात आता एक कपाट नुसतं सोनबर्डीचं आहे! मला थोडं अवघड जातं हो. चौतीस वर्षं एक कागद हरवू दिला नाही, आणि आता या वयात रोज काही ना काही हरवायचं म्हणजे... पण जमतंय हळूहळू. आज सकाळी मी चष्मा विसरलो. तो मात्र खरंच विसरलो!